टर्बोवर दाबलेला उजवा हात

जबाब, दि. ९/१२/१९९७, मंगळवार, सकाळी ११ वाजता

मी इंदुबाई भिकन बागूल, वय ४६, धंदा नवऱ्यासोबत मोटार गॅरेजचे काम, शिक्षण दुसरी, राहणार डिंडोली, सुरत, मूळ गाव तालुका पारोळा, जिल्हा जळगाव. समक्ष सांगते की, हे मी दुसऱ्यांदा सांगते आहे, कारण पहिल्या वेळी तुम्ही लिहिलं ते माझं नाही. रविवारच्या कागदात गुजरातीत लिहिलंय की चालू इंजिनाला लागून नवऱ्याचा हात भाजला. तो कागद मला कोणी वाचून दाखवला नाही. नवरा चौकीतल्या बाकावर ओरडत होता. तुम्ही म्हणाले, सही कर म्हणजे लवकर सुटशील. मी केली. आज मराठी लिहिणारे हवालदार आहेत म्हणून सगळं परत सांगते. मध्ये थांबवू नका.

हात लागला नाही. हात धरून दाबला. भूपेंद्र राघो पाटील याने दाबला, वय अंदाजे २४.

राघो पाटील यांचे उधन्यात लूमचे कारखाने आहेत. ते आमच्याच गावचे. त्यांची बायको कलाबाई माझ्या नवऱ्याला भाऊ मानते, एकोणीस वर्षं राखी बांधते. म्हणून भूपेंद्र आम्हाला मामा-मामी म्हणतो.

भूपेंद्रला छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा नाद आहे. सुरतजवळ सचिन गाव आहे, तिथल्या कारखान्यांमागे सरळ रस्ता आहे, तिथे रविवारी सुट्टी असली की हौशी पोरं गाड्या पळवतात. त्याची मारुती साध्या गटात दोनदा हरली. मग तो भंगारातून जपानी गाडीचा टर्बो घेऊन आला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराने फिरणारा पंखा. आपण स्टोला पंप मारतो तसा तो इंजिनात हवा कोंबतो, गाडी दुप्पट जोर करते. टर्बो बसवला की वरच्या गटात पळवावी लागते. भूपेंद्र म्हणाला, पळवतो. नवऱ्याने बावीस दिवस खपून तो बसवला. तेलाची नळी मी धरली, त्याने जोडली. भूपेंद्र रोज येऊन बसायचा. म्हणायचा, "मामी, तुम्ही पाना दिला की मामाचा हात सरळ चालतो, नाहीतर नुसता बिडीकडे जातो." आम्ही हसायचो.

नवऱ्याने त्याला एकच गोष्ट पाचपाच वेळा सांगितली होती. गाडी जोरात पळवून आणली की लगेच बंद करायची नाही. तीन मिनिटं तशीच चालू ठेवायची. टर्बो लालभडक तापतो. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, आतलं तेल जळून कोळसा होतो आणि पंखा धरतो, फिरत नाही. हे मी पण सांगितलं. भूपेंद्र हो म्हणाला.

रविवारी दि. ७ रोजी सकाळी दहाच्या सुमारास पहिली फेरी भूपेंद्रने जिंकली. कलाबाई नारळ घेऊन गाडीपुढे आली. म्हणाली, चालू गाडीपुढे नारळ फोडत नाहीत, बंद कर. नवरा म्हणाला, "बहीण, तीन मिनिटं थांब." ती म्हणाली, "भाऊ, देव मोठा का तुन्हं मशीन?" भूपेंद्रने चावी फिरवून गाडी बंद केली. तिने नारळ फोडला. खोबरं मी वाटलं. मी पण खाल्लं. हे पण लिहा.

अर्ध्या तासाने दुसरी फेरी झाली. अर्ध्या रस्त्यात गाडीतून पांढरा धूर निघाला आणि भूपेंद्र शेवटचा आला. लोक शिट्ट्या मारत होते. कोणीतरी म्हणालं, पाटीलशेठ, चहाची किटली आणली का. भूपेंद्रने उतरून जॅकचा दांडा काढला आणि काही न विचारता नवऱ्याच्या पाठीत घातला. दुसरा गुडघ्यावर. नवरा खाली बसला. भूपेंद्रचे दोन मित्र होते, नावं माहीत नाहीत, एकाच्या अंगात लाल जॅकेट. त्यांनी नवऱ्याला काखेतून उचलून बोनटजवळ नेलं. नवरा म्हणत होता, तेल जळलं, मी सांगितलं होतं. भूपेंद्रने बोनट उघडलं. म्हणाला, "मामा, तुन्हा हात भारी शे ना? ठेव." उजव्या हाताचं मनगट धरून पंजा टर्बोवर दाबला. टर्बो लाल होता. मी मध्ये गेले तर लाल जॅकेटवाल्याने माझ्या तोंडावर कोपर मारलं, वरचे दोन दात पडले. ते रुमालात आहेत, पाहिजे तर दाखवते. हात किती वेळ दाबला ते मी मोजलं नाही. सोडला तेव्हा कातडं तिथेच राहिलं.

कलाबाई चार पावलांवर उभी होती. पदर तोंडाला लावला होता. तिला विचारा.

काल राघो पाटील दवाखान्यात आले. म्हणाले, "वहिनी, घरातली गोष्ट घरात ठेवा. भिकनला सचिन गावात मोठं गॅरेज टाकून देतो." मी म्हटलं, दादा, पाना कोण धरील? ते उठून गेले. रविवारी तुमच्या चौकीत माझ्या आधी तेच बसलेले होते, हे मी बघितलं आहे.

शुक्रवारी दि. १२ रोजी नवऱ्याची चार बोटं कापणार आहेत. दवाखान्याच्या कागदात पण अपघातच लिहिलाय, तुमच्या कागदावरून. माझी तक्रार मारण्याची आणि जाळण्याची आहे. तो पहिला कागद मला मान्य नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी चुकलं होतं, ते माझ्यासमोर नीट केलं. आता मी बोलले तेवढंच आहे. याची एक नक्कल मला पाहिजे. भूपेंद्रवर गुन्हा दाखल केला की नाही, हे शुक्रवारी सकाळी नऊच्या आत, नवऱ्याला आत नेण्याआधी, मला लेखी सांगा. मराठीत.

सही
इंदुबाई भिकन बागूल