याशिवाय पेटीत आणखी काही नाही

...घाबरू नका म्हणे. म्हणायला काय जातंय? तुमच्यापैकी कोणी अमेरिकेच्या कस्टमला लिहून दिलंय का कधी? मी दिलंय. सहीनिशी दिलंय, की पेट्यांमध्ये आंबापोळी, फणसपोळी आणि कोकम आहे, याशिवाय आणखी काही नाही, आणि ही माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. खरी आणि पूर्ण... तुम्हाला सांगतो, मी जन्मभर इथल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, माझा पीएच.डी.चा प्रबंधच मुळी यावर, की माणसाला एखादी गोष्ट माहीत आहे हे त्याला कशावरून माहीत असतं, वर्षानुवर्षं डोकं खाजवून मी शेवटी असा निष्कर्ष काढला की सांगता येत नाही, त्यावर विद्यापीठानं मला डॉक्टर केलं, आणि त्याच माणसाकडून आता लिहून घेतात, खरी आणि पूर्ण. आणि सही कोणाची? माझी.

आता हे कशासाठी, तर आमची वेदिका. मुलगी माझी, न्यू जर्सीत असते. चांगली बँकेतली नोकरी होती, ती सोडली आणि म्हणाली, बाबा, मी इथल्या दुकानांना कोकणातला माल पुरवणार. माल करणार आमचा पुतण्या स्वरूप, आमच्याच कुवारबावच्या घरामागच्या शेडमध्ये, आणि इथून माल पाठवणारा म्हणून कागदोपत्री नाव कोणाचं, तर माझं. का? तर "बाबा, तुमच्याइतकं काटेकोर कोणी नाही." अगं, मी काटेकोर नाहीये, मी भित्रा आहे, लांबून दोन्ही सारखंच दिसतं. पण मुलीनं साठवलेलं सगळं त्या पहिल्या खेपेत घातलेलं, तिला नाही कसं म्हणायचं?

बरं, माल पाठवायचा म्हणजे बोटीत टाकला आणि झालं, अशी माझी समजूत. तर तसं नाही. आगबोटीवर कंटेनर चढायच्या निदान आदल्या दिवशी अमेरिकेच्या कस्टमला सगळं कळलेलं असायला हवं. माल कोणी बनवला, कोणी विकला, कोणी घेतला, कुठल्या देशात पिकला, कंटेनर कुठल्या जागी भरला, कोणी भरला. सुरक्षेसाठी. म्हणजे बोटीतून कोणी भलतंसलतं पाठवू नये म्हणून. कळवलं नाही किंवा चुकीचं कळवलं, तर दंड, आणि त्यांच्या मनात आलं तर इकडच्या बंदराला एका ओळीचा हुकूम, चढवू नका. संपलं. बोट गेली, आंबापोळी धक्क्यावर, आणि वेदिका देशोधडीला. आणि त्यांच्याकडे एक यादी असणार, असतेच, संशयितांची, त्यात माझं नाव, निवृत्त प्राध्यापक, मुक्काम रत्नागिरी.

मी तिला फोनवर म्हटलं, "वेदू, उत्पादक कोण लिहू? आंबा झाडानं केला, रस स्वरूपनं काढला, वाळवली उन्हानं."

"बाबा, स्वरूपदादाचं नाव लिहा."

"पण ऊन..."

"बाबा, जे आहे ते लिहा फक्त."

जे आहे ते. ऐकलंत? जे आहे ते काय आहे, यावर हजारो वर्षं लोक भांडतायत, आणि ही म्हणते, फक्त. पण लिहिलं. मुंबईला वेदिकाच्या एजंटाच्या ऑफिसात गौरव म्हणून एक आहे, गोड मुलगा, त्यानं सगळं भरून तिकडे पाठवलं, "काका, डन, टेन्शन नका घेऊ." टेन्शन नका घेऊ म्हणणाऱ्याची सही कुठेच नसते, लक्षात ठेवा. सही कोणाची? माझी.

पेट्या भरल्या आमच्या पडवीत. आता आपल्याकडे तुम्हाला ठाऊक आहे, कोणाच्या घरून परदेशी काही निघालंय म्हटल्यावर आळी लोटणारच. दगडी गडग्यापलीकडची गोदूबाई आली, आमचा जुना शेजारी गनी आला, बोटीवर नोकरी करून आता घरी बसलेला, त्याची बायको जन्नत आली, आणखी दोघीचौघी आल्या, सगळे भराभर पाकिटं लावतायत, टेप मारतायत, आमची ही चहा फिरवतेय, आणि मी आपला मधे उभा राहून भारावलोय, वा, काय हा शेजारधर्म, आजच्या काळात कोण कोणासाठी एवढं करतं... सगळे एवढं का करत होते हे मला तेव्हा कळायला हवं होतं की नाही? ज्ञानमीमांसा शिकवली हो मी.

पेट्यांचा ट्रक मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासतोय आणि गोदूबाई गडग्यावरून डोकावून विचारते, "सर, माजा गठला कदी पोचल हो रितेशकडं?"

रितेश म्हणजे तिचा नातू, तोही तिकडेच असतो. मी म्हटलं, "कसला गठला?"

"जवल्याचा. सुका जवला. लय आवडतो त्याला."

"कुठे ठेवलात?"

"पेटीत. त्या आंबापोलीच्या खाली. वास येव नाय म्हनून लुगड्यात गुंडाललाय."

तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडातला फेस तसाच राहिला. म्हटलं, "कुठल्या पेटीत?"

"आता त्ये काय म्हायती? सगल्या सारक्याच."

"अहो गोदूबाई, विचारायचं नाही का मला?"

"ईचारला असता तर तुमी नको बोल्ला असता."

बिनतोड युक्तिवाद आहे. मी तसाच गौरवला फोन लावला, म्हटलं, गौरव, बाळा, पेटीत एक गोष्ट निघाली आहे जी आपण कळवलेली नाही, आणि माझ्या मागून ही बाई, खणखणीत आवाजात, "एवडा काय घाबरतांव? बाँब धाडलाय काय मी? जवला धाडलाय."

मी फोनवर हात दाबला. हे कस्टमवाले फोन ऐकतात हो. ऐकत नसतील कशावरून? तो शब्द, माझ्या फोनवरून, माझ्या अंगणातून...

गौरव म्हणाला, "काका, एवढं खरं नसतं सांगायचं."

म्हटलं, "बाळा, मी सही केली आहे."

"मग असं करा, पेट्या अजून आमच्या गोदामात आहेत. उद्या दुपारी कंटेनर भरायचाय. त्याआधी येऊन काढून घ्या."

गनीनं गाडी काढली. भला माणूस. वाटेत मी त्याला म्हणतोय, गनी, कंटेनर अडला तर वेदिकाचं काय होईल, गनी, पकडायला कोण येतं, आधी नोटीस देतात की एकदम दारात उभे राहतात? तर हा, "सर, मी सारी जिंदगी बोटीवर काढली. हजारो डब्यांत तुमचा डबा कोन बगतोय?" आणि मग एकदम गप्प. पार संगमेश्वर गेलं, चिपळूण गेलं, हा गप्प. मला वाटलं, माझ्याहून जास्त घाबरला. बरं वाटलं जरा.

गोदामात पहिली पेटी उघडली. वर आंबापोळी, खाली आंबापोळी, मधे कुळथाचं पीठ. दुसरी उघडली, आमसुलांच्या आड एक प्लास्टिकची बाटली, खोबरेल तेल, वर चिकटपट्टीवर कोणाच्या तरी सुनेचं नाव. तिसरीत हेदवीच्या गणपतीचा फोटो, सुती टॉवेलात गुंडाळून. मी म्हटलं, गनी, हे काय चाललंय? गनी वर बघेना. चौथी उघडली, तर मसाल्याची पिशवी आणि अत्तराची कुपी, आणि चिठ्ठी, साकिबसाठी.

"गनी, साकिब म्हणजे तुझा तिकडचा मुलगा, साकिब?"

"जन्नतनं ठेवला आसंल," म्हणाला. मग बोटाला चिकटलेली टेप सोलत, "कुपी मी ठेवली."

जवळजवळ प्रत्येक पेटीत काही ना काही. गौरव कमरेवर हात ठेवून बघत होता, म्हणाला, "काका, हा कार्गो आहे की लग्नाचं रुखवत?" शेवटी जवळा सापडला, म्हणजे आधी वास सापडला आणि मागोमाग लुगडं. आणि त्याच्याच शेजारच्या पेटीत मेतकुटाचा डबा. झाकणावर अक्षर ओळखीचं. आमच्या हिचं. एवढी वर्षं संसार केला, माझ्या डोळ्यांदेखत चहा फिरवत होती, आणि सही कोणाची आहे हे हिला ठाऊक होतं हो... माझी.

तर सगळं काढलं. गनी म्हणतोय, अत्तर ऱ्हावदे सर, अंगठ्याएवडी तर हाय, नाही म्हणजे नाही. एकेक पाकीट हातात घेऊन बघितलं, उन्हाला धरून बघितलं, पुन्हा लावलं, पुन्हा टेप. आता टेप ओढण्याचा तो चर्रर्र आवाज, त्यात ती माल उचलणारी गाडी पों पों करत पाठीशी येणार, आणि माझा डावा कान तर केव्हाच गेला, उजवा चालतो तो यंत्रावर, त्या यंत्रातून हे सगळं असं मेंदूत घुसायला लागलं की मी ते काढलं आणि बाजूला ठेवलं आणि शांतपणे काम केलं. डोळ्यांत तेल घालून केलं. दुपारचं काम संध्याकाळवर गेलं, पण माझ्यासमोर कंटेनर भरला, कुलूप लागलं, सील लागलं, गौरवनं संगणकावर दाखवलं, कस्टमनं माहिती स्वीकारली, हरकत नाही. प्रथमच, तुम्हाला सांगतो, आयुष्यात प्रथमच मी कशाच्या तरी खाली सही केली होती आणि ते खरं होतं. खरं आणि पूर्ण. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर सगळ्या आळीची गाठोडी, गाडीभर जवळ्याचा वास, आणि मी लहान मुलासारखा झोपलो.

घरी आलो. हिनं दार उघडलं. मेतकुटाचा डबा मी हातात दिला. हिचे ओठ हलतायत आणि आवाज नाही. मला वाटलं, रागानं पुटपुटतेय, पुटपुटू दे. मग हिनं स्वतःच्या कानाला हात लावला, मग माझ्या कानाकडे बोट केलं...

बाजूला ठेवलं म्हटलं ना मी मघाशी? बाजूला म्हणजे कुठे? खाली पडून पायदळी येऊ नये म्हणून, अगदी काळजीपूर्वक, उघड्या पेटीत. आंबापोळीवर. काटेकोर माणूस ना मी.

आता विचार करा. सही केली तेव्हा मला ठाऊक नव्हतं, तेव्हा ते माझ्या समजुतीप्रमाणे खरं होतं. पण आता ठाऊक आहे. आणि ते यंत्र बंद न करता कशाखाली दाबलं गेलं ना, की शिट्टी मारतं. कुंईऽऽ करून. म्हणजे तिकडे धक्क्यावर तो अधिकारी, साखळीला कुत्रा, समोर आंबापोळीची पेटी, आणि पेटीतून आवाज... दुकानदार म्हणाला होता आठवडाभरात बॅटरी संपते, बोट पोचायला महिना, म्हणजे संपेल, पण हे मला खात्रीनं माहीत आहे का? प्रबंधाचा निष्कर्ष सांगितलाच मी तुम्हाला.

गनीकडे गेलो. तो कानाशी तोंड आणून ओरडला, "लिवून काय देव नका." मग लिहायचं नाही म्हणून वेदिकाला फोनच केला. ही गोदूबाईची समजूत काढायला गडग्यापलीकडे गेलेली, तिच्यासमोर बोलायची हिंमतही नव्हती. सगळं सांगितलं वेदूला. पहिल्यापासून. जवळा, अत्तर, यंत्र, शिट्टी. म्हटलं, आता तूच सांग, कस्टमला कळवायचं की गप्प बसायचं, तू म्हणशील ते करतो. आणि फोन उजव्या कानाला लावून धरला. बराच वेळ धरला. काहीतरी खूप सविस्तर बोलली असणार ती, स्वभाव आहे तिचा. मी म्हटलं, "बरं बेटा, तसंच करू."

काय करू म्हणाली, कोणाला माहीत. कालची गोष्ट ही. मघापासून तुमचीही तोंडं हलताना दिसतायत, मी आपला मान डोलावतोय. पुढच्या रांगेतले तुम्ही, हो तुम्हीच... जरा जवळ या आणि बघून सांगा हो. हा माझ्या खिशातला फोन, वाजतोय का?