पाचवं थँक यू

हसू नका, पण एका 'थँक यू'पायी माझं भरीत गेलं होतं. धुळ्यातल्या इंग्रजीच्या क्लासात सर म्हणाले, "उद्यापर्यंत पाच जणांना थँक यू म्हणून या." रिक्षावाल्यापासून किराणावाल्यापर्यंत चौघं झटपट उरकले. घरी पोचते तोच शेजारची अक्का वाटीभर गरम भरीत घेऊन आली. मी लगेच म्हटलं, "थँक यू, अक्का!"

अक्काचा चेहराच उतरला. "मी काय परकी शे का?" म्हणत ती वाटीसकट परत गेली.

मी तिच्या मागोमाग जाऊन थेट तिच्या स्वयंपाकघरात बसले. "अक्का, भूक लागलीय, वाढ ना!" दुप्पट भरीत मिळालं, वर भाकरीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "झाले पाच?"

म्हटलं, "चारच झाले, सर. पाचवी घरचीच निघाली."