तिसरी वायर

जमलेल्या भावांनो, मायबाईंनो,

मले माईकसमोर बोलायची सवय नाही. तरी मी उभी राह्यली. कारण आज गप्प बसली, तर उद्या ह्या गॅरेजचं शटर दुसराच कोणी पाडीन.

तुम्ही माझ्या मालकाच्या, ह्यायच्या शोकसभेले आले. पुसदचे सारे मिस्त्री आपापली दुकानं बंद ठेवून ह्या अंगणात आले. जो उठला तो एकच बोलला, "जुनी गाडी मिसिंग मारून राह्यली, झटके देऊन राह्यली, की वसंताभाऊ नुसतं ऐकून बिघाड सांगत. तसा कान आता नाही." आणि माझे दीर आताच म्हणाले, "वहिनी, कानच गेला, आता गॅरेज कायले ठेवता? बंद करा."

भाऊजी, ऐका. तो कान गेला नाही. तो कान इथं उभा आहे.

असे काहून पाहून राह्यले? खरं तेच सांगते. माझ्या मालकाले कितीतरी वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. जन्मभर इंजिनात डोकं घातलं, इंजिनानं कान नेले. माणसाचे ओठ पाहून त्यायले बोलणं समजे. पण इंजिनाले ओठ असतात का बाप्पा?

गाडी ह्या टिनाच्या भिंतीले खेटूनच लावायचा त्यायचा हट्ट आठवते ना? तुम्ही समजत, सावलीसाठी. टिनामागं माझा चुलीचा ओटा. गाडी आली, की हे इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढत. चांगल्या प्लगची वायर निघाली, की इंजिन लंगडते, आवाज पडते. आवाज पडला, की मी चिमट्यानं टिन ठोकायची. ह्यायची पाठ टिनाले टेकलेली, त्यायले ते पाठीत कळे. मग वायर लावून दुसरी काढत. आणि जी वायर काढली तरी आवाज जसाच्या तसा, तिथं मी गप्प. मी गप्प, म्हणजे बिघाड तिथंच.

रशीदभाई, तुमचं दुकान शेजारचं. तुम्ही हसत, "आज वहिनीचा पारा चढला दिसते, भांडे आपटून राह्यल्या." मी रागात नव्हती, रशीदभाई. मी कामावर होती.

आता कोणी म्हणीन, बाई मेलेल्या नवऱ्याची अब्रू काढून राह्यली. कायची अब्रू? हात त्यायचेच होते. तसे हात मी पाह्यले नाहीत. आणि हे स्वतः म्हणत, "मी आहो तोवर राहू दे. मी गेलो, की सांगून टाक. लाजू नको, छाती ठोकून सांग." तर सांगून राह्यली. छाती ठोकून सांगून राह्यली!

त्या दिवशी मास्तरांची ही जुनी जीप आलती. पहिली वायर निघाली. मी ठोकलं. दुसरी निघाली. मी ठोकलं. तिसरीची मी वाट पाहून राह्यली, चिमटा हातात घेऊन. मले वाटलं, पकड सापडत नसंन. इंजिन आपलं धडधडतच होतं. किती वेळ गेला, मले माहीत नाही. मग मी बाहेर आली. हे टिनाले पाठ टेकून खाली बसले होते.

लई रडली मी. अजून रडीन. पण शटर पाडणार नाही. खोलायबसवायले हात लागतीन, ते मी शिकीन. नाही जमलं, तर रशीदभाईचे मागून घेईन. कान मात्र कोणाजवळ मागायची मले गरज नाही.

मास्तर म्हणतात, जीप दुसरीकडे नेतो. न्या ना. पण ह्यायचं हातात घेतलेलं काम आधी पुरं होईन, मग न्या.

आता मौन ठेवायचं आहे. उभे राहा. पण नुसती मान खाली घालू नका, कान द्या. मोबाईल बंद करा. कोणी खोकलू नका. रडणं मागून रडू. मी टिनामागं जाऊन उभी राह्यते, चिमटा घेऊन. ह्यायले माझा नमस्कार तोच.

भाऊजी, तुम्ही टिनाले पाठ टेका.

रशीदभाई, जीपची चाबी फिरवा. दोन वायरी ह्यायच्या हातानं झाल्या. तिसरी काढा.