दातांसाठी विमानाने

दातांच्या दवाखान्यात गालाला हात लावून बसलेल्या आजोबांनी वर्तमानपत्र उघडलं होतं खरं, पण शेजारच्या बाकावरचं जोडपं बोलू लागल्यापासून पान काही उलटलं नव्हतं.

"दादांना फोन लावा. संध्याकाळी विमान आहे त्यांचं."

"काय सांगू? 'परदेशात स्वस्तात दात होतात, वर फिरणंही होतं,' असं मीच त्याच्या मानगुटीवर बसून पटवलंय."

"मग आता सांगा, तिथे बसवलेले तुमचे दात हलतायत, हिरडीत पू झालाय."

"तिथल्या डॉक्टरनं आयुष्यभराची हमी दिलीय."

"हमी तिथे आणि दात इथे! इथले डॉक्टर म्हणतात, आत कसला स्क्रू बसवलाय तेच कळत नाही."

"हॉटेल मात्र छान होतं हं."

"हॉटेलनं चावता येतं का? अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा. लावा फोन!"

"जबडा उघडत नाही माझा. तूच बोल."

"द्या इकडे. हॅलो, दादा? अगंबाई, जाऊबाई होय! दादांना द्या ना जरा... बॅग भरतायत? बरं, मग तुम्हीच सांगा त्यांना, की यांचे दात... काय म्हणालात? आमची हौस अंगाशी आली? छे हो! कोण म्हणालं?"

आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"यांचे दात ना? मोत्यासारखे झालेत! आत्ताही हसतायत बघा समोर. दादांना म्हणावं, निर्धास्त जा. आणि जाऊबाई, जाताच आहात तर तुम्हीही दोन-चार बसवूनच या."