सासूबाईंची सही

त्स्वेताच्या वडिलांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्तदाब झटपट उतरवण्याच्या संशोधनात त्यांना घ्यायचं का, असं विचारणारा कागद हातात धरून ती बल्गेरियातल्या प्लेवेनच्या इस्पितळात बसली होती. शेजारी अशाच आजारातून उठून फेरतपासणीला आलेला एक माणूस सासूशी बोलत होता.

“माझ्या वेळी असल्याच कागदावर तुम्ही सही केलीत ना?”

“केली. लेक नुसती रडत होती.”

“अकरा वर्षं माझ्याशी अबोला धरलेला असूनही?”

“अबोला धरायलाही माणूस जिवंत लागतो, जावईबापू.”

“हात अजून जड आहे.”

“जीभ तर हलकीच आहे!”

“मी औषधानं वाचलो की नशिबानं?”

“डॉक्टर म्हणाले, तेच तर शोधतोय.”

“उपकार झाले, आई.”

“काय म्हणालास?”

“आई.”

त्स्वेता त्यांच्याकडे वळली.

“आजी, सही कुठे करायची असते?”