निलेशच्या हळदीला मी गायले नाय

माजा जनम उरणकडच्या मिठागरावरचा, आई धवलारीन, लगनात हळदीला धवले गायची, तिच्या बाजूला बसून बसून ते माज्या तोंडात बसले, लगीन होऊन पनवेलच्या या गावात आले तवापासून इथली हळद माज्याबिगर झाली नाय, आता डीजे आला तरी पयला मान माजाच. काय सांगू तुमाला, धवल्यात आमी देवांना, गेलेल्या वाडवडलांना आवतान देतो, या, बसा, बघा. म्हणून आई गायच्या आदी पाटावरच्या नवऱ्या पोऱ्याला इचारायची, बाबा, तुजं नाव घेऊ का. तो लाजत घे बोलला का मंगच सुरू. मीबी इचारते.

माज्या दिराचा पोऱ्या निलेश, शिकलेला, नोकरीवाला, त्यानं बापाला सरळ सांगितलं, मला पोरी नाय, पोरगे आवडतात. बापानं खारघरला एक डॉक्टर गाठला, भिंतभर पदव्या टांगून बसलेला. तो बोलला आजार हाय, बरा करतो. बरा कसा, तर मनगटाला पट्टा बांधायचा, फोटो दाखवायचे, गड्याचा फोटो आला का झटका. याला म्हणे इलाज. आमी गुरांनाबी असं करत नाय. पोऱ्याचं जेवण तुटलं, झोप तुटली, तर हा शाना बोलतो, गुण येतोय, आता लगीन लावा, बाकीचं बायको करील. म्हंजे लोकांची पोर ही याच्या औषधाची बाटली. मी निलेशला दुसऱ्या डॉक्टरीणबाईकडं नेला, ती बोलली हा आजारच नाय, असला इलाज करायला डॉक्टरला मनाई हाय. दीर बोलला, बाईमाणसाला काय कळतं. याला लय कळतं, त्यानं लगनाची तारीख काढली.

हळदीला मांडव भरला, डॉक्टरबी पुढच्या खुर्चीत, सफारी घालून, आपण लावलेलं झाड बघायला आल्यासारखा. मी पाटावरच्या निलेशला इचारलं, बाबा, तुजं नाव घेऊ का. सगळे हसायच्या तयारीत. तो बोलला, नको काकी, नको घेऊ.

दीर ओरडला, वयनी, गा तू. मी बोलले, नवरा नको बोलतो, देवांना काय खोटं सांगून बोलवू, आणि उठले. डॉक्टर बोलला, इलाज अर्धा राह्यला म्हणून असं झालं. मी बोलले, बरं झालं राह्यला, तुमी जेवून जा, पंगत तयार हाय. आणि तो खरंच जेवला बरं का.

लगीन मोडलं, पोरीकडचे लोक लय चिडले, नंतर तिचं चांगल्या घरात लगीन झालं, हळदीला त्यांनी मलाच बोलावलं. निलेश आता खांदा कॉलनीत राहतो, सागर म्हणून पोरगा हाय त्याच्याबरोबर. दीर माज्याशी बोलत नाय, डॉक्टरची पाटी अजून तिथंच, नवीन रंग मारलाय.

परवा दोघं जेवायला आले, जवळा केला व्हता. निलेश बोलला, काकी, आमचा धवला कवा गाशील. मी इचारलं, नावं घेऊ का. दोघं एकदम बोलले, घे. तिथंच गॅससमोर बसून गायले, देवांना आवतान दिलं, वाडवडलांना दिलं, रुसलेल्या दिरालाबी दिलं. सुखी राहा पोरांनो. डॉक्टरला तेवढं नाय दिलं.