कांद्यानं उठलेले चार

विश्वास ठेवायचा तरी कुणावर, सांगा बघू? स्वतःच्या डोळ्यांवर की कालपरवा छापलेल्या कागदावर? तुम्हाला सांगतो, शाळा आपली सातवीपर्यंत, पण रंगाच्या दुकानात भोवळ येऊन पडलेली चार माणसं मी नाकाला कांदा लावून उठवलीत. चार!

तर परवा भर दुपारी आमचा दादा गल्ल्यावरच कलंडला. अंग तापानं फणफणलेलं, बोलणं भलतंच. मी कांदा फोडून नाकाशी धरतोय, तोच बायको कडाडली, "अहो, स्वयंपाक नंतर, आधी गाडी काढा!"

इमर्जन्सीत ड्यूटीवर कोण? दादाचीच मुलगी! म्हटलं, घरची डॉक्टर, हात सैल सोडेल. छे! संसर्ग रक्तात भिनलाय म्हणाली, अँटिबायोटिक लगेच टोचलं आणि मग... सगळं मोजूनमापून! म्हटलं, "आणखी दोन सलाईन लाव की!" तर, "काका, नवे अभ्यास वाचलेत, भाराभर पाणी चढवून फायदा दिसत नाही." "मग ऑक्सिजन तरी पूर्ण सोड!" "तोही लागेल तेवढाच." अहो, एका डब्यात भिंत रंगत असताना दोन खपवणारा मी, आणि ही सख्ख्या बापाला माल देईना! वर गेल्या वर्षी हेच डॉक्टर जे करा म्हणायचे, ते यंदा म्हणे करू नका! "मग गेल्या वर्षीचे पेशंट काय वेडे होते?" "नाही काका, त्यांना मोजलं म्हणून तर कळलं."

डोकंच फिरलं. "ठेव तुझे कागद! माझ्या कांद्यानं चार उठलेत, चार!"

बापाच्या मनगटावरचा हात न काढता तिनं विचारलं, "आणि न उठलेले किती?"

आता काय सांगू... शेजारचा शिंपी. गाडी दारात उभी, आणि मी अर्धा तास त्याला कांदा हुंगवत बसलो होतो. तो कधी मोजलाच नव्हता हो मी. गुपचूप बाकावर जाऊन बसलो. दोन दिवस बाटलीतले थेंब मोजत होतो, दुसरं काय?

तिसऱ्या दिवशी दादानं डोळे उघडले. पोरीच्या डोळ्यांत पाणी, नर्सबाई हसतायत, आणि हा पहिलं वाक्य काय बोलावा? "कांद्याचा वास आला, म्हणून परतलो!"

पोरीनं कपाळाला हात लावला. मोह झाला हो मला, पाच म्हणायचा... पण शिंपी आठवला. म्हटलं, "दादा, शिंपी आणि तू धरून सहांतले चार. त्या चारांतले दोघं उन्हानं पडलेले, आपोआपच उठले असते."

ऐकेल तर दादा कसला! आता गल्ल्याशेजारी कांदा स्वतःच ठेवतो आणि येईल त्याला सांगतो, "एकातला एक उठला!" त्याला कोण समजावणार? तुम्ही तरी, हात जोडतो, हिशेब खरा ठेवा... उठलेले मोजाल तेव्हा न उठलेलेही मोजा.